रिपोर्टच्या खाली तीन नावं आणि प्रश्नचिन्ह, मग आम्ही समजायचं काय?

वाचकाचं पत्र (थोडं कमी करून)

मॅडम, माझा भाऊ ३६ वर्षांचा आहे, कराडजवळच्या आमच्या गावात राहतो, म्हशी आहेत, दुधाचा धंदा आहे. मागच्या महिन्यात पहाटे धार काढताना त्याला फिट आली, उजवा हात आणि उजवा पाय झटके देत होता, मग बेशुद्ध पडला. आधी कधीच असं झालेलं नव्हतं. तिथल्या हॉस्पिटलात सीटी स्कॅन केला आणि नंतर कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय केला. रिपोर्टमध्ये डाव्या फ्रंटल लोबमध्ये (मेंदूचा पुढचा भाग) २८ बाय २४ एमएमची रिंग एन्हान्सिंग लीजन (कडा चमकणारी गाठ), भोवती एडीमा (सूज), मिडलाइन शिफ्ट (मेंदूची मधली रेघ सरकणं) ४ एमएम असं लिहिलंय आणि खाली डीडी (शक्य असलेल्या आजारांची यादी) म्हणून हाय ग्रेड ग्लायोमा, ट्युबरक्युलोमा, न्यूरोसिस्टिसर्कोसिस कमी शक्यता, आणि पुढे स्पेक्ट्रोस्कोपी आणि परफ्यूजन करा असं. एवढं महागाचं मशीन, आणि नक्की काय आहे ते त्याला कळत नाही का? मामा म्हणतात बायोप्सी केली की गाठ पसरते, त्यापेक्षा सरळ पेट स्कॅन करा. डेक्साचं इंजेक्शन दिल्यापासून त्याचं डोकं दुखायचं थांबलंय, मग गाठ विरघळत असेल का? आई विचारते की आमच्या घरात माळ आहे, डुकराच्या किड्याचा आजार आमच्याकडे कुठून येणार. पुण्याच्या मावसभावाने फिल्मचे फोटो एका एआय ॲपवर टाकले तर त्याने सरळ कॅन्सर सांगितलं. भावाला अजून आम्ही काहीच सांगितलेलं नाही. – एक बहीण, कराड

उत्तर

ताई, स्कॅनवर येण्याआधी फिटचं सांगते कारण ते आजचं काम आहे. जी गोळी चालू आहे तिचा एकही डोस चुकवायचा नाही, बरं वाटतंय म्हणून तर अजिबात बंद करायची नाही, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत मोटारसायकल नाही, विहिरीवर एकटं जाणं नाही, माळ्यावर चढणं नाही. परत फिट आली तर त्याला कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवत बसू नका, घड्याळ बघा आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट कॅज्युअल्टी. सारखी उलटी व्हायला लागली, झोपेतून नीट जागा होत नाहीये, बोलणं अडखळतंय, उजवी बाजू लुळी वाटतेय, यातलं काहीही दिसलं तरी पुढच्या तारखेची अपॉइंटमेंट आहे म्हणून थांबायचं नाही, त्याच रात्री न्यायचं.

आता रिपोर्ट. मी रोज हेच स्कॅन वाचते, म्हणून अगदी मनापासून सांगते की तुमच्या रिपोर्टच्या खाली जी तीन नावं आहेत, हाय ग्रेड ग्लायोमा म्हणजे मेंदूचा वेगाने वाढणारा ट्यूमर, ट्युबरक्युलोमा म्हणजे टीबीची गाठ आणि न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणजे टेपवर्म किड्याची अळी मेंदूत जाणं, तो टाळाटाळीचा प्रकार नाहीये. ज्याने तो रिपोर्ट लिहिला त्याने प्रामाणिकपणे लिहिलाय. त्याने एकच नाव ठोकून दिलं असतं तर मला जास्त काळजी वाटली असती.

मशीनला कळत नाही का असं तुम्ही विचारलंय, तर मशीनला काय कळतं ते आधी बघू. एमआरआयला पेशी दिसत नाहीत. जोरदार चुंबकाच्या आत माणसाला झोपवून रेडिओ लहरी सोडतात आणि शरीरातल्या पाण्यातले हायड्रोजनचे कण त्याला कसा प्रतिसाद देतात ते मशीन मोजतं, आणि वेगवेगळ्या टिश्यूमधलं पाणी वेगवेगळा प्रतिसाद देतं म्हणून चित्र तयार होतं. त्या चित्राचा एकेक ठिपका साधारण एक मिलिमीटरचा धरला तरी तेवढ्या जागेत लाखभर तरी पेशी मावतात. म्हणजे तिथे पाणी जास्त आहे, सूज आहे, तिथलं टिश्यू मेलंय, रक्त जास्त खेळतंय, हे दिसतं, पण त्या पेशी कुठल्या जातीच्या आहेत ते दिसत नाही, त्याचा आपण अंदाज बांधतो.

आणि ती रिंग. तुमच्या भावाच्या शिरेतून जे कॉन्ट्रास्ट दिलं ते गॅडोलिनियमचं औषध असतं, साठ किलोच्या माणसाला साधारण बारा मिली. मेंदूच्या रक्तवाहिन्यांना एक खास अडसर असतो, ब्लड ब्रेन बॅरिअर म्हणतात, त्यातून हे औषध निरोगी मेंदूत शिरत नाही. जिथे तो अडसर मोडलाय तिथेच ते झिरपतं आणि ती जागा फिल्मवर पांढरी चमकते. कडा चमकली आणि मधला भाग काळाच राहिला की रिंग दिसते. म्हणजे रिंगचा अर्थ इतकाच की कडेला अडसर मोडलाय आणि मध्ये रक्त पोचत नाहीये. वेगाने वाढणारा ट्यूमर मध्ये मरतो तेव्हा हे होतं, टीबीची गाठ मध्ये चीजसारखी होते तेव्हा हे होतं, पू साठतो तेव्हा होतं, किड्याची अळी मरायला लागते तेव्हाही होतं. चार वेगळे आजार पण चेहरा जवळजवळ एकच, आणि आपल्या देशात हे चारही आजार आहेत. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टला ३६ वर्षांच्या माणसात अशी रिंग दिसली तर त्याच्या यादीत टीबी बराच खाली असेल, आपल्याकडे तो वरच्या दोनतीन नावांत ठेवावाच लागतो.

याच गोष्टीवर आपल्याकडे मोठं काम झालंय, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये. फिट आलेल्या माणसाच्या सीटीवर एखादी छोटीशी चमकणारी रिंग दिसली की पूर्वी आपल्याकडे सर्रास टीबी समजून महिनोन्महिने टीबीची औषधं चालू करायचे. १९८०च्या दशकात तिथल्या न्यूरोसर्जन लोकांनी अशा गाठी काढून तपासल्या तेव्हा लक्षात आलं की त्यातल्या बऱ्याचशा सिस्टिसर्कसच्या, म्हणजे टेपवर्मच्या अळीच्या आहेत. मग डॉ. वेदांतम राजशेखर आणि सहकाऱ्यांनी नियम बसवले की एकच गाठ, २० एमएम किंवा त्याहून लहान, मिडलाइन सरकलेली नाही, आणि पेशंटला फिट सोडून दुसरा त्रास वाढत जात नाहीये, असं सगळं जुळत असेल तर ती अळी असण्याची शक्यता खूप जास्त, डोकं उघडायची गरज नाही, फिटचं औषध द्या, थोड्या महिन्यांनी परत स्कॅन करा. या नियमांमुळे किती लोकांची ऑपरेशनं आणि उगाचची टीबीची औषधं वाचली असतील! तुमच्या भावाची गाठ २८ एमएमची आहे आणि मिडलाइन ४ एमएम सरकलीय, म्हणजे ती या नियमात बसत नाही, म्हणूनच रिपोर्टमध्ये सिस्टिसर्कोसिसपुढे 'कमी शक्यता' लिहिलंय. बघा, दोन आकड्यांवर एक नाव खाली गेलं. स्कॅन असंच काम करतं, एकेक नाव खाली ढकलत जातं.

आईंना सांगा की त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि उत्तर असं आहे की या आजाराला डुकराचं मांस खावं लागत नाही. मांस अर्धकच्चं खाल्लं तर पोटात टेपवर्म होतो. मेंदूत जी अळी जाते ती त्या किड्याच्या अंड्यांतून, आणि ती अंडी ज्याच्या पोटात टेपवर्म आहे अशा माणसाच्या विष्ठेतून मातीत, पाण्यात, न धुतलेल्या भाजीत जातात. माळकरी माणसालाही कोथिंबिरीतून, गाजरातून ती मिळू शकतात. तुमच्या केसमध्ये शक्यता कमीच आहे तरी हे सांगितलं, कारण रिपोर्टमधल्या एका शब्दामुळे आईंच्या मनाला आपल्याकडून काही बाटलं असं लागू नये.

आता राहिलेल्या नावांत निवड करायला ज्या दोन तपासण्या सुचवल्यात त्या करून घ्या, एमआरआयच्याच मशीनवर होतात. आधी एक बघा, झालेल्या एमआरआयमध्ये डिफ्यूजन असणारच, डीडब्ल्यूआय म्हणून, त्यात रिंगच्या मधला भाग चमकतोय का हे डॉक्टरांना विचारा. मध्ये घट्ट पू असेल तर पाण्याची हालचाल अडते आणि तो भाग लख्ख चमकतो, ट्यूमरचा मेलेला मधला भाग सहसा तसा चमकत नाही. तुमच्या रिपोर्टच्या यादीत पू नाही त्यावरून तो चमकत नसावा असं दिसतं. मग टी-टू चित्र, हाही एमआरआयमधलाच एक प्रकार, ट्यूमरच्या मधला पातळ मेलेला भाग त्यात पांढरा दिसतो आणि टीबीचा घट्ट चीजसारखा भाग काळसर दिसतो, मात्र टीबीची गाठ मध्ये पातळ झाली की ती पण पांढरी दिसते, म्हणजे इथेही पक्की खात्री नाही.

परफ्यूजन म्हणजे गाठीत रक्त किती खेळतंय ते मोजणं. हाय ग्रेड ग्लायोमा स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या उगवतो म्हणून त्याच्या कडेला रक्ताचं प्रमाण खूप वाढलेलं दिसतं, टीबीच्या गाठीत सहसा एवढं वाढत नाही. स्पेक्ट्रोस्कोपी ही त्याहून वेगळी, तिच्यात चित्र मिळतच नाही, आलेख मिळतो. गाठीच्या ठराविक चौकोनातली रसायनं मोजतात, कोलीन वाढलं म्हणजे पेशींची उलाढाल जोरात आहे, एनएए कमी म्हणजे तिथल्या मेंदूच्या मूळ पेशी कमी झाल्यात, आणि लिपिडचा मोठा उंचवटा टीबीत दिसतो. पण ट्यूमरचा मधला भाग मेला की तिथेही लिपिड दिसतं, म्हणून तो चौकोन कुठे ठेवला याला फार महत्त्व आहे, तो रिंगच्या मधोमध ठेवला तर उत्तर भलतंच येऊ शकतं, कडेवर यायला हवा, आणि कपाळाच्या हाडाला किंवा सायनसमधल्या हवेला फार जवळ गेला तर आलेखच खराब येतो. म्हणून माझं मत विचाराल तर मशीनच्या चुंबकाची ताकद १.५ टेस्ला आहे की ३ टेस्ला यापेक्षा तो चौकोन ठेवणारा माणूस मेंदूचे स्कॅन रोज वाचणारा आहे की नाही हे बघा.

आधी केलेला सीटीसुद्धा वाया गेलाय असं समजू नका. गाठीत कॅल्शियम आहे का ते सीटीवर चांगलं दिसतं, काही ट्यूमरमध्ये ते असतं, जुन्या टीबीत असतं, मेलेल्या अळीतही असतं. तसं बघितलं तर सीटी जन्माला आलाच मुळी मेंदूच्या गाठीसाठी. १ ऑक्टोबर १९७१ला लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले हॉस्पिटलमध्ये गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या मशीनवर जो पहिला पेशंट घेतला ती एक बाई होती, तिला फ्रंटल लोबमध्ये गाठ असल्याचा संशय होता, आणि गाठ चित्रात दिसली. त्याच्या आधी काय करायचे माहितीये? पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तिथे हवा भरायचे, ती हवा मेंदूच्या पोकळ्यांत चढायची, मग एक्सरे काढायचे आणि पोकळी कुठे दबलीय त्यावरून गाठ कुठे असेल त्याचा तर्क करायचे. पेशंटला त्यानंतर भयंकर डोकेदुखी आणि उलट्या व्हायच्या. हे जुनं सगळं आत्ता का सांगतेय, तर तुमच्या घरी कोणीतरी म्हणेल की सारखे स्कॅन कशाला, रेडिएशन लागतं. डोक्याच्या एका सीटीचं रेडिएशन साधारण तेवढंच असतं जेवढं आपल्याला एका वर्षात जमिनीतून, हवेतून, आकाशातून तसंही मिळतं, आणि एमआरआयमध्ये तर एक्सरे नसतातच. सुचवलेला दुसरा एमआरआय या भीतीपायी थांबवू नका.

गॅडोलिनियमबद्दल मात्र दोन गोष्टी विचारायच्या. एक म्हणजे क्रिएटिनीन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, केलीय का, कारण किडनी फारच खराब असेल तर यातली काही औषधं त्वचा आणि सांधे कडक करणारा गंभीर आजार करू शकतात. दुसरं म्हणजे औषध मॅक्रोसायक्लिक प्रकारचं आहे का, त्यात गॅडोलिनियम पिंजऱ्यासारखं घट्ट धरलेलं असतं, लिनियर प्रकारात तेवढं घट्ट नसतं. याचा थोडा अंश शरीरात राहतो हे कळल्यावर २०१७ साली युरोपच्या औषध नियामकांनी लिनियर प्रकारची औषधं मेंदूच्या एमआरआयसाठी बंद केली आणि मॅक्रोसायक्लिक चालू ठेवली. तुमच्या भावाला पुढे पुन्हा स्कॅन लागू शकतात, म्हणून हे विचारलेलं बरं, आणि विचारल्याचा राग कोणी मानत नाही.

आणि आत जाताना धातू. कमरेचा करदोडा, गळ्यातला किंवा दंडातला ताईत, अंगठी, कानातली बाळी, खिशातली किल्ली, सगळं बाहेर. हे तुमच्यासाठीही लिहितेय, सोबत आत जाणार असाल तर साडीच्या पिना, जोडवी, केसातल्या पिना, मंगळसूत्र हे काढूनच जायचं. घरातल्या कुणाला पेसमेकर असेल तर त्यांनी तिथल्या लोकांना विचारल्याशिवाय त्या दाराच्या आत पाऊल टाकायचं नाही. तो चुंबक चोवीस तास चालू असतो, स्कॅन चालू नसतानाही. २०१८च्या जानेवारीत मुंबईच्या एका हॉस्पिटलात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेल्या पेशंटच्या नातेवाइकाचा जीव गेला होता. भावाला आधी सांगून ठेवा की आत खूप ठोकल्यासारखा आवाज येतो, कानात बोळे देतात, हातात दाबायला रबराचा फुगा देतात, बोगदा दोन्हीकडून उघडा असतो, आणि पाऊण तास हलायचं नाही. हललं की परफ्यूजन आणि स्पेक्ट्रोस्कोपी दोन्ही वाया.

डेक्साबद्दल. डोकं दुखायचं थांबलं ते सूज उतरल्यामुळे. डेक्सा म्हणजे डेक्सामेथासोन, हे स्टिरॉइड गाठीच्या भोवतीचं पाणी कमी करतं आणि तेही एकदोन दिवसांत, ट्यूमर असला तरी करतं, टीबी असला तरी करतं. गाठ तशीच असते. त्यामुळे घरच्यांना नीट समजावा की डोकेदुखी थांबणं ही चांगली गोष्ट आहे पण ती निदानाबद्दल काही सांगत नाही. आणि इथे एक महत्त्वाचं आहे ते कृपया लक्षात ठेवा. मेंदूत लिम्फोमा नावाचा एक कॅन्सर होतो, तो स्टिरॉइडने स्कॅनवर जवळजवळ गायब होऊ शकतो आणि मग बायोप्सीतही काही सापडत नाही, काही आठवड्यांनी परत येतो. तुमच्या रिपोर्टमध्ये त्याचं नाव नाहीये, तरी न्यूरोसर्जनला पहिल्याच भेटीत सांगा की डेक्सा कुठल्या तारखेपासून चालू आहे आणि किती. एमआरआय डेक्साच्या आधीचा की नंतरचा हेही सांगा. स्वतःहून वाढवू नका आणि स्वतःहून एकदम बंदही करू नका, दोन्ही धोक्याचं.

पेट स्कॅनचा आग्रह मी समजू शकते, लोकांना वाटतं की सगळ्यात महाग तपासणी म्हणजे शेवटचं उत्तर. पण नेहमीचा पेट साखरेवर चालतो, किरणोत्सर्गी साखर शिरेतून देतात आणि ती जिथे जास्त खर्च होते तो भाग उजळतो. मेंदू मुळातच साखर भरपूर खातो, म्हणून सगळाच मेंदू उजळलेला असतो आणि त्यात गाठ हरवू शकते. वर टीबीसुद्धा साखर खातो आणि चमकतो, म्हणजे ज्या दोन नावांत आपण अडकलोय त्यांना वेगळं करायला तो फारसा उपयोगी नाही. मेंदूसाठी अमिनो ॲसिडचा वेगळा पेट असतो, तो मोजक्याच ठिकाणी होतो आणि तोही बहुधा बायोप्सी नेमकी कुठून घ्यायची हे ठरवायला किंवा उपचारानंतर शंका आली तर. तुमच्या पायरीला त्याहून साध्या गोष्टी आधी व्हायला हव्यात: छातीचा एक्सरे किंवा सीटी, टीबीच्या तपासण्या, एचआयव्ही, कारण छातीत टीबी सापडला किंवा फुफ्फुसात दुसरीच गाठ दिसली तर डोक्यातल्या रिंगकडे बघण्याची नजरच बदलते. यातलं काही राहिलं असेल तर डॉक्टरांना आठवण करा.

बायोप्सीने पसरतं ही समजूत मी इतक्या घरांत ऐकलीय की तिच्यापायी गेलेले महिने आठवून जीव हळहळतो. मेंदूत सुरू झालेला ट्यूमर मेंदूच्या बाहेर क्वचितच जातो, आणि ग्लायोमा असेल तर त्याच्या पेशी फिल्मवर चमकणाऱ्या कडेच्या बाहेर आधीच पोचलेल्या असतात, सुईने त्यांना कुठे न्यायची गरज नसते. सुईच्या बायोप्सीत स्कॅनवरूनच गाठीचं मिलिमीटरमध्ये माप घेतात, कवटीला छोटं भोक पाडून त्या मापाने बारीक सुई जाते आणि कडेच्या जिवंत भागातून तुकडे घेते. खरा धोका आहे तो रक्तस्रावाचा, थोड्या जणांत तो गंभीर होतो, त्याबद्दल सर्जनला स्पष्ट विचारा. कदाचित ते म्हणतील की गाठ वरवर आहे, सुई कशाला, ऑपरेशन करून काढूच आणि तीच तपासू, तोही चांगला मार्ग आहे. उजव्या हाताची आणि बोलण्याची केंद्रं डाव्या फ्रंटल लोबच्या आसपास असतात म्हणून ते आधी फंक्शनल एमआरआय करतील, त्यात भावाला बोटं हलवायला सांगतात, मनात शब्द जुळवायला सांगतात आणि मेंदूचा कुठला भाग कामाला लागतो ते बघतात. त्याला घाबरू नका, ती जपून ऑपरेशन करायची तयारी आहे.

तुकडा लागतोच का, स्कॅन एवढे पुढे गेले तरी? हो, लागतो. टीबी निघाला तर औषधांनी बरा होणारा आजार आहे, वेळ लागतो पण बरा होतो, आणि ट्यूमर निघाला तर कुठला ते ठरवावं लागतं. २०२१च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ग्लायोमाचं नाव आता पेशींच्या जनुकांवरून ठरतं, आयडीएच नावाचं जनुक बदललंय का, १पी आणि १९क्यू हे गुणसूत्रांचे भाग गळालेत का, यावरून औषध आणि पुढचं आयुष्य दोन्ही बदलतं. दोन माणसांच्या फिल्म सारख्या दिसतात आणि जनुकं वेगळी निघतात. एकदोन खुणा स्कॅनवरून ओळखता येतात हे खरंय, टी-टूमध्ये पांढरीशुभ्र गाठ फ्लेअर नावाच्या दुसऱ्या चित्रात मधून काळी पडली की आयडीएच बदललेला ॲस्ट्रोसायटोमा, म्हणजे ग्लायोमाचाच एक प्रकार, असावा असं बऱ्यापैकी भरवशाने म्हणता येतं, पण त्यावर कोणी रेडिएशन सुरू करत नाही.

आता मावसभावाचं एआय. तो काळजीपोटी करतोय हे कळतंय मला. मेंदूच्या गाठी कॉम्प्युटरला शिकवायचं काम गंभीरपणे चालू आहे, २०१२पासून ब्राट्स नावाची जगभरची स्पर्धा चालते, आपल्या टाटा मेमोरियलनेही तिला स्कॅन दिलेत, आणि त्यातून निघालेले प्रोग्रॅम गाठीची कडा आणि सूज रंगवून तिचं माप चांगलं घेतात. महिन्यामहिन्याने गाठ किती वाढली हे मोजायला ते खरंच उपयोगी आहे. पण त्या स्पर्धेतले स्कॅन सुरुवातीची बरीच वर्षं ग्लायोमा ठरलेल्या पेशंटचेच होते. ज्याने फक्त ट्यूमरच्या रिंगा बघितल्यात त्याला कराडच्या माणसाच्या डोक्यातली टीबीची रिंग दाखवली तर तो तिला ट्यूमर म्हणूनच रंगवणार, त्याला दुसरा रंग माहीतच नाही. आणि त्या ॲपला तर स्कॅन मिळालाच नाही, ट्यूबलाइटसमोर धरलेल्या फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो मिळाला. एका एमआरआयमध्ये शेकडो चित्रं असतात, फिल्मवर त्यातली निवडक छापतात, फोटोत त्यातलीही अर्धी चमक जाते. त्यावर माणसानेही मत देऊ नये. भावाच्या नावासकट तो फोटो कुठे कुठे गेला असेल हेही बघा आणि निघत असेल तर काढून टाका.

मावसभावाला त्यापेक्षा हे काम द्या. स्कॅन सेंटरमधून सीटी आणि एमआरआय दोन्हीच्या सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्यायचे, त्यात पूर्ण डायकॉम फाइल्स, म्हणजे स्कॅनच्या मूळ फाइल्स, हव्यात, घरी कॉम्प्युटरवर उघडतात का ते तपासायचं आणि दोन प्रती करायच्या. नवीन एमआरआय शक्यतो त्याच मशीनवर करा, जमत नसेल तर जुनी सीडी तिथे आधी द्या, म्हणजे रिपोर्ट लिहिणारा दोन्ही शेजारी ठेवून बघेल. तीन आठवड्यांत गाठ २८ची ३५ झाली की २८चीच आहे हे कुठल्याही एका स्कॅनपेक्षा जास्त बोलतं. न्यूरोसर्जनकडे सेकंड ओपिनियनला जाल तेव्हा हीच सीडी न्या, नुसता टाइप केलेला रिपोर्ट नको.

पैशांचं तुम्ही लिहिलं नाहीये पण मनात असणारच. ऑपरेशन ठरलं तर हॉस्पिटल महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का ते बघा आणि ॲडमिट व्हायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, रेशनकार्ड आणि आधार घेऊन भेटा, कारण मंजुरी आधी घ्यावी लागते, बिल झाल्यावर धावपळ करून फार काही होत नाही. त्यात कुठल्या तपासण्या बसतात तेही त्यांनाच विचारा.

आणि भाऊ. ताई, त्याला सांगा. त्याला फिट आली तेव्हा तो तिथे होता, स्कॅनच्या आत तोच झोपला होता, घरात सगळे गप्प का झालेत ते त्याला कळत नसेल असं नाही, तो उलट सगळ्यात वाईट तेच धरून बसला असेल. अजून ठरलेलं नसताना कॅन्सर हा शब्द घेऊन जायची गरज नाही, पण 'काही नाही रे, थोडी सूज आहे' असंही सांगू नका, कारण बायोप्सीच्या कागदावर सही त्याची लागणार आहे. साधं सांगा की डोक्यात एक गाठ आहे, ती टीबीची असेल किंवा ट्यूमर असेल, आणखी एक एमआरआय करायचाय आणि मग कदाचित तुकडा काढून बघायचाय, आम्ही सगळे सोबत आहोत. न्यूरोसर्जनकडे त्याला बाहेर बाकावर बसवून तुम्ही आत जाऊ नका, त्यालाच पुढच्या खुर्चीत बसवा, त्याचे प्रश्न त्याला विचारू द्या. म्हशींचं कोण बघणार हा त्याचा पहिला प्रश्न असेल बहुतेक, तर त्याची सोय आधी लावून ठेवा म्हणजे तो तारखा पुढे ढकलणार नाही. परफ्यूजन आणि स्पेक्ट्रोस्कोपीचा रिपोर्ट आला की मला लिहा.